जंतमास्तर

स्टोअररूमचं दार त्यानं खांद्यानं ढकललं, तेव्हा त्याला फक्त स्लाइडचं नवं खोकं हवं होतं. आत दिवा चालू होता. रिकाम्या बाटल्यांच्या खोक्यावर कागद पसरून ताई जेवायला बसल्या होत्या. दाराचा आवाज होताच त्यांनी डब्यावर झाकण टाकलं. ते घाईत वाकडं बसलं, तसं तळहातानं दाबलं. "या ना, स्लाइड डाव्या बाजूला आहेत," त्या म्हणाल्या, पण घास तोंडात असल्यामुळे शब्द नीट फुटले नाहीत. त्यानं खोकं उचललं, "जेवा, जेवा," असं काहीतरी पुटपुटला आणि दार ओढून बाहेर आला. खोलीत एक वास होता. तो कसला हे त्याला माहीत नव्हतं, आणि उभ्या जन्मात कधी माहीत करून घेतला नव्हता म्हणूनच तो लगेच कळला. बाहेरच्या बोळात तो खोकं छातीशी धरून उभा राहिला. कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, ह्याला कुणीतरी चोरी करताना पकडलंय. खरं तर पकडल्या गेल्या होत्या त्या ताई, आणि त्यांनी चोरलं काहीच नव्हतं, स्वतःचा डबा स्वतः खात होत्या.

तो आपल्या जागेवर येऊन बसला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. हॉस्पिटलच्या ह्या लॅबमध्ये त्याची खुर्ची खिडकीकडे आणि ताईंची त्याच्या उजव्या हाताला. तो नवा होता तेव्हा स्लाइडवर रक्ताचा थर पातळ कसा ओढायचा हे ताईंनीच मनगट धरून शिकवलं होतं. जेवणाचं टेबलही दोघांचं एकच. त्यांच्या घरी डुकराचं मांस शिजायचं, आईच्या हातचं असलं की त्या डबा उघडायच्या आधीच सांगायच्या, "आज आमच्यापासून लांब बरं का!" मग तो आपलं ताट उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाई, तिथून दोघं मोठ्यानं बोलत जेवत, आणि मधल्यामध्ये बसणाऱ्यांचे कान किटत. कुणाला त्यात काही वाटत नसे. अलीकडे ताई टेबलावर दिसत नव्हत्या. त्यानं विचारलं होतं, नाही असं नाही. "काम पडतं हो," त्या म्हणाल्या होत्या, आणि त्यानं ते खरं धरलं होतं, कारण खरं धरणं सोपं होतं.

डोळ्यांपुढे तांबड्या पेशी गच्च पसरल्या होत्या आणि त्याला त्या मोजता येत नव्हत्या. त्याच्या डोक्यात नवे डॉक्टर हसत होते. नवे डॉक्टर म्हणजे तसे दिलखुलास गृहस्थ, जिथे जातील तिथे गप्पांचा अड्डा. त्यांनी एके दिवशी भरल्या टेबलावर विचारलं होतं, "काय हो, तुम्ही लोक डुक्कर का खात नाही? म्हणजे नेमकं कारण काय?" प्रश्नात खोच नव्हती. टेबलावर सगळे जेवत होते आणि सगळ्यांनी माना वर केल्या. त्या वेळी त्याच्या पोटात जो गोळा आला तो त्याच्या चांगला ओळखीचा होता. शाळेत असल्यापासून तो गोळा त्याच्यासोबत वाढला होता. आणि नेहमीप्रमाणे त्यानं तो गोळा गिळला, हसला, चमचा खाली ठेवला आणि बोलायला लागला. जंत. स्नायूंत वेटोळं घालून बसणारे. आतड्यात वाढत जाणारे, फितीसारखे चपटे. मेंदूत गाठी करणारे, ज्यांनी धडधाकट माणूस फिट येऊन पडतो. वर चरबी, वर घाणीत तोंड घालणारं जनावर, त्याला घामही धड येत नाही. "तुम्हीच सांगा डॉक्टर, आपण लॅबमध्ये जे पाहतो ते पाहिल्यावर कुणाला घास उतरेल?" टेबलावर "शी!" झालं, कुणीतरी ताट बाजूला सारलं, आणि डॉक्टर टाळी देत म्हणाले, "वा! जंतमास्तर!" नाव तिथेच चिकटलं. त्यालाही ते आवडलं होतं. घरी जाऊन त्यानं बायकोला सांगितलं सुद्धा.

त्या दिवशी ताई टेबलावर होत्या का? हे त्याला आठवत नव्हतं, आणि आठवत नाही ह्याचीच आता त्याला भीती वाटली. त्यानं एकेक खुर्ची आठवून पाहिली. एक्सरेवाला, त्याच्या शेजारी त्या दोन नर्स मुली, डॉक्टर, मग टेबलाचं टोक. टोकाला तो स्वतः होता. तो टोकाला का बसला होता? टोकाला तो तेव्हाच बसायचा, जेव्हा ताईंनी सांगितलेलं असायचं. म्हणजे ताई होत्या. समोरच्या टोकाला होत्या, डबा उघडा होता, आणि तो इकडून मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्या डब्यात काय वळवळतं ते सांगत होता. त्याची कानशिलं तापली. त्यानं डोळा मायक्रोस्कोपवरून काढला नाही, कारण काढला असता तर शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहावं लागलं असतं.

आणि जे सांगितलं ते तरी धड होतं का? हे काम तो पोटापाण्यासाठी करत होता, त्याला ठाऊक नसायला तो काही रस्त्यावरचा बोलघेवडा नव्हता. मांस नीट शिजवलं की ते जंत मरतात. एवढं एक वाक्य. शिवाय मेंदूतल्या त्या गाठी मांस खाऊन होतच नाहीत; जंताची अंडी माणसाच्याच मळातून, न धुतलेल्या हातातून, न धुतलेल्या पाल्यातून पोटात जातात, तेव्हा होतात. आयुष्यात मांसाला न शिवलेल्या माणसाच्या डोक्यातही त्यानं त्या पाहिलेल्या होत्या. हे सगळं त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. तरीही इतकी वर्षं ते भाषण देताना प्रत्येक वेळी तो ह्या वाक्याशी यायचा आणि त्याला वळसा घालून पुढे जायचा. खोटं तो बोलला नव्हता. फक्त गप्प बसण्याची जागा त्यानं बेमालूम निवडली होती.

गोळ्याचा जन्म त्याला पक्का आठवत होता. अब्बांचं शिवणाचं दुकान, पुढे फळी, आत मशीन, आणि तो जमिनीवर बसून लोहचुंबकानं सांडलेल्या टाचण्या गोळा करतोय. अब्बा एका गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेत होते. गिऱ्हाईक चांगलं शिकलेलं, इस्त्रीच्या कपड्यातलं. त्यानं हात वर धरल्या धरल्या हाच प्रश्न विचारला होता. अब्बांनी तोंडातली टाचणी काढली आणि म्हणाले, "सांगितलंय नको म्हणून. म्हणून नको." "पण का नको?" "ते मी विचारलं नाही, साहेब." गिऱ्हाईक हसलं. "अहो, विचारायचं तरी!" अब्बाही हसले आणि पाठीचं माप घ्यायला मागे वळले. त्यांना काहीच लागलं नव्हतं. लागलं होतं ते खाली बसलेल्याला. आपला बाप अडाणी आहे, त्याला साध्या प्रश्नाचं उत्तर येत नाही, आणि तो वर हसतोय. त्यानं तेव्हाच ठरवलं असावं, की आपल्याला विचारलं तर आपण असं तोंडघशी पडायचं नाही. पुढे मशिदीबाहेर कुणीतरी वाटत असलेली एक पातळ पुस्तिका हाती लागली, 'आरोग्याच्या दृष्टीनं' वगैरे, आणि त्याला घबाड सापडल्यासारखं झालं. आपलं सगळं शास्त्राला धरून आहे! तिथून तो जो सुटला तो थांबलाच नाही. रोजा म्हणजे पोटाला विश्रांती. नमाजाआधी हातपाय धुणं म्हणजे जंतुसंसर्गाला आळा. नमाज म्हणजे सांध्यांचा व्यायाम. लॅबमध्ये कुणी त्याला मागच्या खोलीत वाकलेलं पाहिलंच, तर "पाठीला बरं वाटतं" म्हणायला तो मोकळा. आपल्या अख्ख्या धर्माला त्यानं मेडिकल सर्टिफिकेट काढून दिलं होतं.

अब्बांना ती पुस्तिका त्यानं मोठ्या हौसेनं वाचून दाखवली होती. ते ऐकत राहिले, काज करत राहिले. मग म्हणाले, "उद्या कुणी औषध काढलं, किडे मेले सगळे. मग खाशील?" तो चिडला होता. "तसं नाही, अब्बा." "मग कसं?" त्यानं पुस्तिका मिटली. अब्बा मदरशात फार शिकलेले नव्हते, पण जी ओळ सांगायची ती नीट सांगायचे: मेलेलं जनावर नको, रक्त नको, डुक्कर नको, आणि त्याच दमात पुढे, ज्याच्यावर उपासमारीची पाळी आली, त्यानं जीव वाचवायला खाल्लं तर त्याच्यावर गुन्हा नाही. "बघ, नको म्हणताना पण दार उघडं ठेवलंय," ते म्हणायचे. "अपवित्र म्हटलंय, हेही म्हटलंय. पण ते मला सांगितलंय, माझ्या ताटापुरतं. लोकांच्या ताटात बघ म्हणून नाही सांगितलेलं." मागच्या घरातली शेजारीण त्यांच्याकडे शिजलं की भिंतीपलीकडून ओशाळून म्हणायची, "मास्टर, वास येतो का हो? खिडकी लावू?" आणि अब्बा ओरडायचे, "लावू नका, गुदमराल!" हे सगळं त्याच्या डोक्यात इतकी वर्षं पडून होतं आणि त्यानं ते अडाणीपणाच्या खात्यात टाकून दिलं होतं. आज स्टोअररूमचं दार उघडल्यावर ते त्याला नीट दिसलं. अब्बांनी 'मला नको' म्हटलं, त्यात त्या शेजारणीला जागा होती. त्यानं 'ते घाण आहे' म्हटलं, आणि ताईंना बाटल्यांच्या खोक्यावर नेऊन बसवलं.

संध्याकाळी हात धुवायच्या बेसिनशी त्यानं ताईंना गाठलं. त्या कोपरापर्यंत साबण चोळत होत्या. त्यानं शेजारचा नळ सोडला, उगाच, हात धुतलेलेच होते.

"ताई, त्या दिवशी टेबलावर मी जे बोललो ना..."

"कुठल्या दिवशी?" त्यांनी विचारलं, पण साबण चोळायचा हात थांबला.

"जंतांचं. ते पूर्ण खरं नव्हतं. शिजवलं की काही राहत नाही. तुम्हाला तर माहीतच आहे."

"मला माहीत आहे, मास्तर. मी पण हेच काम करते."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही मला गप्प केलंत?"

"भरल्या टेबलावर? डबा पुढ्यात उघडा ठेवून?" त्या हसल्या, पण ते हसू त्याला पाहवलं नाही. "आणि तुम्ही कशाला बोललात तसं? सरळ सांगायचं, आमच्यात चालत नाही. इतकी वर्षं मला चाललंच की ते. मी तर सांगत होते, लांब बसा म्हणून."

त्यानं नळाकडे पाहत सांगितलं. सांगायला फार शब्द लागले नाहीत. डॉक्टरांसमोर देवाचं नाव घ्यायची लाज वाटते. मागास वाटतं. लहानपणापासून वाटतं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं, हात झटकले आणि टॉवेल घेतला.

"म्हणजे लाज तुम्हाला वाटत होती," त्या म्हणाल्या, "आणि कोपऱ्यात जाऊन बसले मी."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. भांडणात माणसाला निदान काहीतरी करता येतं. मेल्याहून मेल्यासारखा तो उभा राहिला. ताईंनी टॉवेल नीट घडी घालून खिळ्याला लावला आणि मग, जणू एवढ्यावर भागत असतं तर त्यांनी पुढचं सांगितलंच नसतं, म्हणाल्या, "माझं जाऊ द्या हो. मी कुठेही बसून जेवेन. पण माझी पोरगी आजीच्या हातचं खात नाही आता. सुट्टीत इथे आणली होती, तेव्हा तुम्ही दाखवलं ना तिला."

दाखवलं होतं. कशाला विसरेल? चुणचुणीत पोर, सारखी "हे काय, ते काय" विचारणारी. आणि त्यानं कौतुकानं शिकवायच्या पेटीतली स्लाइड काढून लावली होती, तिला स्टुलावर चढवून एक डोळा मिटायला शिकवलं होतं. स्नायूत वेटोळं घालून बसलेला तो जंत. "हा कुठून येतो माहितीये? डुकराच्या मांसातून." पोरगी किंचाळली होती आणि सगळी लॅब हसली होती. तिथेही ते वाक्य त्यानं गाळलं होतं. लहान पोरीसमोर! तिच्यासमोर कसली आली होती लाज? पण सवयच जडली होती तोंडाला. ताई सांगत होत्या, की पोरगी आजीनं वाढलेलं ताट सारते, आजीनं हात धुतले का ते विचारते, आजी जवळ झोपायला आली की कुशी बदलते. आजीनं हाय खाल्ली आहे. पहिल्यांदा तिनं मांस दुप्पट वेळ शिजवून पाहिलं, मग शिजवायचंच बंद केलं, तरी पोरगी आजीच्या हातचं दुसरंही काही खाईना. "मी सांगून बघितलं, शिजवल्यावर मरतात म्हणून. तर म्हणते, तू आजीची बाजू घेतेस. काका खोटं नाही सांगणार." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते कोपरानंच पुसले, इथं काम करणारी माणसं पुसतात तसे.

"मी येऊन सांगतो तिला," तो म्हणाला.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिनं सगळं ऐकलं. "मी तुम्हाला किती वेळा म्हटलं, लोकांच्या जेवणात तुमचे किडे सोडू नका म्हणून," ती म्हणाली. मग मऊपणानं: "जा. आणि सगळं सांगून या, अर्धं नको." तो जायला निघाला तेव्हा तिनं त्याची कॉलर सारखी केली, जसा काही तो कुठे नोकरीच्या मुलाखतीला चालला होता. रस्ताभर तो वाक्यं जुळवत होता. शिजवलं की मरतात. आजीचं जेवण स्वच्छ आहे. काकांचं चुकलं. किती सोपं होतं! पोर हुशार आहे, तिला पटेल. खरं सांगायचं तर त्याला थोडं हलकंही वाटायला लागलं होतं, आणि तसं वाटतंय हे लक्षात येताच त्याला पुन्हा ओशाळल्यासारखं झालं.

ताईंचं घर चौथ्या मजल्यावर. आत शिरताच तो स्टोअररूममधला वास आला, आणि त्याच्या लक्षात आलं की आजीनं आज मुद्दाम शिजवलं आहे. आज पोरीला पटवणारा माणूस येणार होता. आजी बुटकी, रुंद, पदराला सारखे हात पुसणारी. तिनं त्याला चांगल्या खुर्चीवर बसवलं, "तुमच्यासाठी वेगळ्या भांड्यात चहा केलाय हं, त्याला कशाचा हात नाही लागलेला," म्हणाली. पोरगी टेबलाशी बसली होती, पुढ्यात पाव, रिकामी वाटी. त्यानं खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि सांगितलं. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. तिनं लक्ष देऊन ऐकलं; मध्ये एकदोन शंका विचारल्या, त्या चांगल्या होत्या, त्यांची उत्तरं त्यानं नीट दिली. ताई दाराला टेकून उभ्या होत्या. आजीनं पातेलं आणून टेबलावर ठेवलं, झाकण काढलं, आणि डाव हातात धरून थांबली.

"म्हणजे आता ह्यात काहीच नाही?" पोरीनं विचारलं.

"काहीच नाही."

"मग तुम्ही खा ना आधी."

त्यानं पातेल्याकडे पाहिलं, आजीच्या हातातल्या डावाकडे पाहिलं. एक घास, आणि ही पोर आजीच्या कुशीत जाईल, असा विचार त्याच्या मनात आला. आला, हे त्यानं नाकारलं नाही. तेवढ्यात ताई "अगं, असं काय बोलतेस," म्हणाल्या आणि आजीही "नाही नाही, त्यांना नको," म्हणून डाव मागे घेऊ लागली. त्यांनाच त्याची दया आली होती.

"मी खात नाही," तो म्हणाला. "जंतांमुळे नाही. अल्लानं आम्हाला नको म्हणून सांगितलंय, म्हणून."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ते वाक्य परक्या घरात उच्चारलं होतं. छप्पर कोसळलं नाही. कुणी हसलं नाही. पोरगी त्याच्याकडे टक लावून पाहत राहिली.

"मग तेव्हा तसंच का नाही सांगितलं?"

"लाज वाटत होती."

"कसली?"

"आमच्या घराची. आपण चारचौघांसारखे नाही, ह्याची. लोक हसतील असं वाटायचं. जंतांचं नाव सांगितलं की कुणी हसत नव्हतं."

पोरीनं पाव हातात घेतला, त्याचा कोपरा कुरतडला, परत ठेवला. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याला वाटलं तिला समजलं नाही, आणखी सोपं करून सांगावं. पण तिनं मान खाली घातली आणि इतक्या हळू बोलली, की त्याला पुढे वाकावं लागलं.

"मला पण," ती म्हणाली. "शाळेतल्या मुली म्हणतात, तुमच्यात डुक्कर खातात. आजी मला सोडायला आली की त्या नाक धरतात."

आजीनं ते ऐकलं. तिनं डाव पातेल्यात सोडला, पदराला हात पुसले, आणि ते हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखी उभी राहिली.

"जंत असते तर मी शिजवून मारले असते गं," ती म्हणाली.